न फिटलेली पावती

२०१८च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, मायनर्सव्हिल नावाच्या गावच्या पोलीस ठाण्यात टपालाने एक लिफाफा आला. आत १९७४ सालची पार्किंगची पावती आणि पाच डॉलर. मूळ दंड दोन डॉलरचा होता. पाठवणाऱ्याने स्वतःचा खरा पत्ता दिला नव्हता. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही पावती आपण जवळ बाळगली, भरू भरू म्हणत राहून गेली, एवढे त्याने चिठ्ठीत कळवले होते. वर्तमानपत्रांनी ही बातमी मोठ्या आवडीने छापली.

अमेरिकेत बहुतेकांची जुन्या पावतीशी गाठ पडते ती मात्र इतकी गोड नसते. नोकरीसाठी नव्या राज्यात राहायला गेलेला माणूस लायसन्स बदलून घ्यायला खिडकीपाशी उभा राहतो. कारकून संगणकात नाव घालतो आणि सांगतो, की वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही ज्या राज्यात होता तिथे तुमचे लायसन्स निलंबित आहे; ते मोकळे करून आणा, मग इथले मिळेल. कारण शोधू गेले तर कॉलेजच्या दिवसांत वेगमर्यादा ओलांडल्याची एक पावती निघते. ती भरली होती की नाही, हे त्यालाही आता आठवत नाही. गाडी कधीच भंगारात गेली. पावती फाडणारा शिपाई निवृत्त झाला. गावातले ते छोटे कोर्टही कदाचित बंद होऊन शेजारच्या मोठ्या कोर्टात विलीन झाले. दंडाची नोंद तेवढी शाबूत असते.

चार-दोन डॉलरच्या कागदाला एवढे आयुष्य लाभले कसे, हे समजून घ्यायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा पावती नव्हती, सरळ अटक होती. २० मे १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर जेकब जर्मन नावाचा टॅक्सीवाला विजेवर चालणारी गाडी ताशी १२ मैलांनी हाकत होता. मर्यादा आठ मैलांची. सायकलवरच्या पोलिसाने त्याला गाठले आणि कोठडीत टाकले. दोन वर्षांनी, १९०१मध्ये, कनेक्टिकट राज्याने मोटारींसाठी वेगाचा पहिला राज्यव्यापी कायदा केला: शहरात १२ मैल, बाहेर १५. पुढे गाड्या हजारांनी वाढल्या, तशी प्रत्येक चालकाला धरून ठाण्यावर नेणे पोलिसांनाच जड होऊ लागले. त्यातून छापील कागद आला. शिपायाने त्यावर नाव, गाडीचा क्रमांक आणि गुन्हा लिहायचा, चालकाने खाली सही करायची आणि आपल्या वाटेने जायचे.

या सहीत साऱ्या पुढच्या गोष्टीचे मूळ आहे. कॅलिफोर्नियासारख्या अनेक राज्यांत पावतीवरची सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नसते. ठरल्या तारखेला कोर्टात हजर राहीन, हे ते वचन असते. त्या वचनावरच शिपाई माणसाला सोडतो. म्हणून तारीख चुकली की एक नवा, वेगळा गुन्हा उभा राहतो: गैरहजेरीचा. वेगाचा गुन्हा किरकोळ असला तरी कोर्टाचा शब्द मोडणे किरकोळ धरले जात नाही. न्यायाधीश अटकेचे वॉरंट काढतो, आणि वॉरंटला बहुतेक राज्यांत मुदत नसते.

इथेच लोकांचा एक मोठा गैरसमज होतो. खटल्यांना कालमर्यादा असते ना, मग वीस वर्षांपूर्वीची पावती आपोआप रद्द व्हायला हवी, असे अनेकांना वाटते. पण ती मर्यादा सरकारने खटला दाखल करण्यापुरती असते. पावती कोर्टात पोहोचली की खटला दाखल झाला. त्यानंतर आरोपी आलाच नाही, तर घड्याळ थांबलेले राहते.

तरीही निम्मे शतक या पावत्यांना फारसे दात नव्हते. १९३०-४०च्या दशकांत ओळखीचा नगरसेवक किंवा पोलीस अधिकारी गाठून पावती गायब करणे हा अमेरिकन शहरांतला रोजचा व्यवहार होता. जॉर्ज वॉरन यांनी १९४२मध्ये वाहतूक कोर्टांवर एक सविस्तर पाहणीग्रंथ लिहिला, त्यात या कोर्टांची दुरवस्था मांडली. परगावचा चालक तर एकदा राज्याची सीमा ओलांडून गेला की हातचा गेला. म्हणून लहान गावांनी उलटी रीत पाडली: बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट दिसली की जागच्या जागी दंड किंवा जामीन वसूल करायचा, नाहीतर थेट स्थानिक न्यायाधीशासमोर उभे करायचे.

त्या रीतीत पैसा होता आणि गावे त्याला चटावली. जॉर्जिया राज्यातले लुडोविसी हे गाव उत्तरेकडून फ्लोरिडाकडे जाणाऱ्या प्रवाशांना लुबाडण्यासाठी इतके कुप्रसिद्ध झाले, की १९७०मध्ये खुद्द गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांनी गावाच्या वेशीवर सावधानतेचे मोठे फलक लावले. ओहायोमधल्या मनरोव्हिलची कागदपत्रे अधिक बोलकी आहेत. तिथे गावचा महापौरच वाहतुकीच्या खटल्यांत न्यायाधीश म्हणून बसे आणि गावाचा जमाखर्चही तोच पाही. १९६४ साली गावाचे एकूण उत्पन्न ४६,३५५ डॉलर होते. त्यांपैकी २३,५८९ डॉलर महापौराच्या कोर्टातून आले होते. निम्म्याहून अधिक. पन्नास-पन्नास डॉलरचे दोन दंड झालेल्या वॉर्ड नावाच्या चालकाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९७२मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की ज्याच्यावर तिजोरी भरण्याची जबाबदारी आहे त्याच्यापुढे कोणाचाही निःपक्षपाती न्याय होऊ शकत नाही.

परगावच्या चालकाला अडकवून ठेवण्यावर तोडगा म्हणून १९७७च्या सुमारास राज्यांनी आपसात करार केला. चालकाला पावती देऊन जाऊ द्यायचे. त्याने ती निकालात काढली नाही तर त्याच्या स्वतःच्या राज्याला कळवायचे आणि त्या राज्याने लायसन्स निलंबित करायचे. ४४ राज्ये या करारात आली. कॅलिफोर्निया, मिशिगन, विस्कॉन्सिन, ओरेगन, मोंटाना आणि अलास्का बाहेर राहिली. हेतू चांगलाच होता. प्रवासात माणसाला एका पावतीपायी रात्रभर अडकून पडावे लागू नये, हे कोण नाकारेल? पण या करारामुळे दंड लायसन्सला बांधला गेला, आणि तिथून किरकोळ पावतीची ताकद मूळ गुन्ह्याच्या कितीतरी पुढे गेली.

संगणकाने उरलेले काम केले. १९६०मध्ये अमेरिकेच्या संसदेने चालकांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली होती. तिचा उद्देश मर्यादित होता: दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना किंवा प्राणघातक अपघात करणाऱ्यांना एका राज्यात लायसन्स गेल्यावर दुसऱ्या राज्यात गुपचूप नवे मिळू नये. १९८२च्या कायद्याने तिची फेररचना झाली. आता कोणत्याही राज्यातल्या खिडकीवर नाव घातले की कुठल्या राज्यात त्या माणसाविरुद्ध नोंद आहे, हे क्षणात कळते. मद्यपी चालकांसाठी विणलेल्या या जाळ्यात पार्किंगचा किंवा वेगाचा दंड विसरलेली माणसेही सापडू लागली, कारण त्यांचेही लायसन्स कुठेतरी निलंबित होतेच. नोकरी बदलली, लग्न होऊन दुसरीकडे गेले, सैन्यातून परतले, की जुनी पावती समोर.

अशी पावती निकालात काढायची वाटही वळणावळणाची आहे. आधी कोणते कोर्ट ते शोधायचे. गावातले कोर्ट उरले नसेल तर जिल्ह्याच्या कारकुनाला फोन करायचा. नोंद संगणकात नसेल तर मायक्रोफिल्मवर किंवा तळघरातल्या खोक्यात. दंड, उशिराचा आकार, कोर्टाचा खर्च भरायचा किंवा न्यायाधीशाकडे खटला रद्द करण्याचा अर्ज करायचा. मग कोर्टाकडून मोकळे झाल्याचा दाखला, तो जुन्या राज्याच्या वाहन खात्याकडे, तिथे लायसन्स पुन्हा चालू करण्याची फी, मग राष्ट्रीय नोंदवहीतून नाव उतरण्याची वाट पाहणे, आणि शेवटी नव्या राज्याची खिडकी. वॉरंट असेल तर स्वतः न जाता आधी वकील पाठवणे शहाणपणाचे ठरते. अनेक न्यायाधीश इतक्या जुन्या प्रकरणांत साक्षीदार शिपाईच नाही हे पाहून खटला काढून टाकतात. त्यांना कोर्टाची कपाटे रिकामी व्हायला हवीच असतात. कायद्याचाही थोडा आधार आहे. १९९२च्या डॉगेट खटल्यात आरोपपत्रानंतर साडेआठ वर्षे सरकारच्या हलगर्जीमुळे आरोपीला अटक झाली नव्हती. तो खटला अमली पदार्थांचा, म्हणजे गंभीर होता. तरीही त्वरित सुनावणीचा हक्क मोडला गेला, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या बाजूने निकाल दिला.

ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला हा सगळा त्रास दोन महिन्यांच्या धावपळीचा आहे. ज्याच्याकडे नाहीत त्याचे काय होते, हा या इतिहासाचा सर्वांत दुःखद भाग.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये प्रेस्टन टेट या गरीब माणसावर वाहतुकीच्या नऊ गुन्ह्यांचे मिळून ४२५ डॉलर दंड थकले. त्या गुन्ह्यांना शिक्षा फक्त दंडाची होती, तुरुंगाची नव्हती. पैसे नव्हते म्हणून दिवसाला पाच डॉलर या हिशोबाने त्याला ८५ दिवस तुरुंगाच्या शेतावर काम करायला पाठवले. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले: श्रीमंताला दंड आणि गरिबाला तुरुंग, असे चालणार नाही.

निकाल स्पष्ट होता. पण गावोगावच्या कोर्टांनी वाट शोधली. दंड न भरल्याबद्दल तुरुंग नाही, तारखेला न आल्याबद्दल तुरुंग. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात ऑगस्ट २०१४मध्ये पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन हा तरुण मारला गेला, तेव्हा केंद्रीय न्याय खात्याने तिथल्या पोलिसांची आणि कोर्टाची चौकशी केली. मार्च २०१५च्या अहवालात एका कृष्णवर्णीय बाईंची हकीकत आहे. २००७मध्ये त्यांनी एकदा चुकीच्या जागी गाडी लावली. दोन पावत्या मिळाल्या, १५१ डॉलर आणि वर शुल्क. त्या अधूनमधून बेघर होत्या. पत्ता बदलत राहिला. २००७ ते २०१० या काळात त्यांच्यावर गैरहजेरीचे सात गुन्हे लागले आणि प्रत्येक वेळी दंड वाढला. त्यांना दोनदा अटक झाली, सहा दिवस त्या तुरुंगात होत्या. त्यांनी २५ आणि ५० डॉलरचे हप्ते पाठवून पाहिले. पूर्ण रक्कम नाही म्हणून कोर्टाने ते परत केले. २०१४च्या डिसेंबरपर्यंत त्यांनी ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर बाकी होते.

एकदा चुकीच्या जागी गाडी लावल्याची ही सात वर्षांची वसुली. फर्ग्युसनची लोकसंख्या तेव्हा सुमारे २१ हजार होती आणि तिथल्या कोर्टाची १६ हजारांहून अधिक लोकांवर वॉरंटे निघालेली होती. सगळे काही गावचे रहिवासी नव्हते, तरी आकडा सुन्न करणारा आहे. ऑगस्ट २०१५मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ३१ डिसेंबर २०१४पूर्वीची सगळी वॉरंटे एका आदेशाने मागे घेतली.

कॅलिफोर्नियात वेगळे चित्र नव्हते. तिथल्या कायदेविषयक संस्थांनी २०१५मध्ये दाखवून दिले, की १०० डॉलरच्या दंडावर नाना अधिभार चढून तो ४९० डॉलर होतो आणि पहिली मुदत चुकली तर ८१५. चाळीस लाखांवर लायसन्स दंड न भरल्याने किंवा तारखेला न गेल्याने निलंबित होती. ज्या राज्यात गाडीशिवाय कामावर पोहोचता येत नाही, तिथे लायसन्स काढून घेतले की दंड भरायचा पैसाच कमावता येत नाही. मग माणूस लायसन्सशिवाय गाडी चालवतो, पकडला जातो आणि नवा गुन्हा चढतो. ऑक्टोबर २०१५ ते मार्च २०१७ या काळात राज्याने माफी योजना राबवली: १ जानेवारी २०१३पूर्वी थकलेल्या दंडांत निम्मी, आणि अगदी गरिबांना ८० टक्के सूट. २०१७च्या जूनमध्ये दंड न भरल्याबद्दल लायसन्स निलंबित करणेच बंद झाले. न्यूयॉर्कने २०२०च्या अखेरीस त्याच दिशेचा कायदा केला. इलिनॉय राज्यात तर किरकोळ गुन्ह्यांतही चालकाचे लायसन्स जामीन म्हणून ठेवून घेण्याची प्रथा होती. ती २०१५च्या आरंभापासून थांबली.

गरिबाला सात वर्षे पिळणारी हीच व्यवस्था ताकदवानांपुढे किती नरम होते, तेही पाहायला हवे. नोव्हेंबर १९९७ ते २००२च्या अखेरीपर्यंत न्यूयॉर्कमधल्या परदेशी वकिलातींच्या गाड्यांवर दीड लाखाहून अधिक पावत्या थकल्या. रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. राजनैतिक संरक्षणामुळे कोणालाही हात लावता येत नव्हता. शेवटी त्या देशांना अमेरिकेकडून मिळणाऱ्या मदतीतून पैसे कापण्याची तरतूद झाली आणि तीनपेक्षा जास्त पावत्या थकवणाऱ्या गाडीची खास नंबरप्लेट काढून घेतली जाऊ लागली, तेव्हा नियमभंग जवळजवळ संपला. लंडनमध्ये २००३पासून शहरात गाडी आणण्याचे शुल्क आहे. तो कर आहे, म्हणून आम्हाला लागू नाही, अशी भूमिका अनेक दूतावासांनी घेतली. २०२३च्या अखेरपर्यंत अमेरिकेच्या नावावर १ कोटी ४६ लाख पौंड, जपानच्या नावावर १ कोटी आणि भारताच्या उच्चायुक्तालयाच्या नावावर सुमारे ८५ लाख पौंड थकबाकी असल्याचे तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने प्रसिद्ध केले. यांच्यापैकी कोणाचे लायसन्स अडकले नाही.

आपल्याकडे ही गोष्ट बरीच उशिरा सुरू झाली, कारण आपली जुनी पद्धत निराळी होती. चौकात मामांनी अडवले की एकतर तिथेच पावती फाडली जाई, नाहीतर लायसन्स जमा होई आणि बदल्यात कागद मिळे. पुढे चौकीत किंवा कोर्टात दंड भरून लायसन्स सोडवून आणायचे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही लायसन्स जप्त करून पोच देण्याची तरतूद आहे. या पद्धतीत चिरीमिरीला मोकळे रान होते, मनस्ताप होता. पण जुने येणे वर्षानुवर्षे साचत नव्हते. लायसन्स परत हवे असेल तर माणूस आठवड्याभरात चौकी गाठायचाच.

ऑक्टोबर २०१६मध्ये मुंबईत कॅमेऱ्यांवरून ई-चलन सुरू झाले आणि पुढे ते राज्यभर पसरले. शिपाई आणि चालक यांची भेटच होईनाशी झाली. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, चलन मालकाच्या मोबाइलवर जाते. मोबाइल नंबर बदललेला असेल, गाडी विकूनही नावावर राहिलेली असेल, तर चलन कोणाच्याच नजरेस न पडता पडून राहते. चोरवाट बंद झाली हे चांगले झाले. थकबाकीचे डोंगर मात्र याच काळात उभे राहिले. सप्टेंबर २०२१पासून राज्यात थकलेली चलने लोकअदालतीपुढे ठेवण्याचा प्रघात पडला आणि डिसेंबर २०२१मध्ये दंडाचे नवे, चढे दर लागू झाले. उत्तर प्रदेशने २०२३मध्ये निराळा मार्ग धरला: २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतली कोर्टात पडून असलेली चलने कायद्यानेच निकालात काढली. ज्यांनी वेळेवर दंड भरला होता त्यांना यात काही मिळाले नाही, हा त्या निर्णयावरचा आक्षेप रास्त आहे.

खरे तर आपल्या कायद्यात या दुखण्यावर औषध आधीपासून आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८नुसार, ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टाला घेता येत नाही. उशिराचे समाधानकारक कारण असेल किंवा न्यायाच्या हितासाठी गरज असेल, तरच अपवाद. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ५१४ म्हणून आली आहे. शिवाय ऑगस्ट २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत मालकाला गेली पाहिजे. चलन पाठवायचे, वर्षानुवर्षे कोर्टात न्यायचे नाही आणि मग एके दिवशी एकदम वसुलीचा धाक घालायचा, ही रीत या दोन्ही तरतुदींच्या हेतूला धरून नाही. दंड झटपट आणि नक्की झाला तरच रस्ता सुरक्षित होतो. अपघात टाळण्यासाठी आकारलेला दंड दहा वर्षांनी वसूल झाला, तर त्याने तिजोरी भरेल, एकही अपघात टळणार नाही.

फर्ग्युसनचा अनुभव समोर असताना महाराष्ट्राने त्या वाटेला जाऊ नये. चलन सहा महिन्यांत कोर्टात न्यावे, नाहीतर यादीतून काढून टाकावे. गरिबाला हप्ते द्यावेत. आणि पाच-सातशे रुपयांच्या दंडापायी रिक्षावाल्याचे किंवा टेम्पोवाल्याचे पोट ज्यावर चालते ते लायसन्स अडकवू नये.

वाचकांनीही एक काम आजच उरकावे. राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घातले की थकलेली चलने फोटोसह दिसतात. फोटोतली गाडी आपली नसेल तर तिथेच तक्रार नोंदवावी. जुनी गाडी घेताना किंवा विकताना तर हे केल्याशिवाय पैशांचा व्यवहार करू नये, कारण चलन चालकाच्या मागे जात नाही; ते गाडीच्या क्रमांकाला चिकटून राहते.